फडताळातले डबे

रुपयाच्या कपाळावर तो कोठून आला हे लिहिलेले नसते. पगारातली शंभराची नोट आणि ओवाळणीतली शंभराची नोट वाण्याकडे घेऊन जा. दोन्हींना तो गूळ सारखाच देईल. तरी पगारातले पन्नास जादा गेले की आपण हळहळतो, आणि दिवाळीच्या बोनसातले पाचशे हसत उडवतो. नोट तीच, मनाने तिच्यावर चिठ्ठी मात्र निराळी डकवलेली असते.

डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एका निबंधात यासंबंधीचा मोठा गमतीचा प्रयोग सांगितला आहे. तुम्ही नाटकाला निघालात. तिकीट दहा डॉलरचे. दाराशी येता तो खिशातली दहाची नोट हरवलेली! तरी तिकीट काढाल? शंभरांतले ८८ जण 'हो' म्हणाले. दुसऱ्या काही लोकांना विचारले : आधीच काढलेले तिकीट हरवले, तर नवे घ्याल? आता 'हो' म्हणणारे ४६च निघाले. नुकसान दोहींकडे दहाचेच. पण हरवलेली नोट कोणत्याच खात्यात पडत नाही; दुसरे तिकीट नाटकाच्या खात्यात पडते आणि नाटक वीस डॉलरचे वाटू लागते. मनातल्या या जमाखर्चाचा अभ्यास रिचर्ड थेलर यांनी पुढे नेला. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या आईचा हा जमाखर्च फडताळात असे. एका डब्यात वाण्याचे पैसे, एकात दुधाचे, आणि हळदीच्या बरणीआडच्या डब्यात माझ्या शाळेच्या फीचे. एकदा महिनाअखेरीस घरात पै उरली नाही, तेव्हा तिने भिशीतून व्याजाने पैसे आणले. वडील चिडले. "घरात पैसे असताना व्याज कशाला भरायचे?"

"ते पैसे घरात नाहीत," आई म्हणाली, "शाळेत आहेत. आणि भिशीतल्या बायका दारात उभ्या राहून आपले पैसे मागून नेतील. डबा थोडाच मागायला येणार आहे?"

गणिताने वडील बरोबर होते. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने आईसारखे उत्तर लिहिले, तर मीही त्याला शून्यच देईन. पण शून्य देण्याचा अधिकार मला मिळाला तो त्याच डब्यामुळे! मनाच्या ज्या खोडीला शास्त्रज्ञ चूक म्हणतात, तिच्याच आधाराने गरिबाचे घर कधीकधी तग धरून राहते.

पण चिठ्ठी लिहिणारा हात आपला हवा. हल्ली ती दुकानदार लिहितो. तीन हजारांची साडी दोन हजारांत मिळाली की घरी येऊन आपण आनंदाने सांगतो, "हजार वाचले!" गेलेल्या दोन हजारांचे कोणी नाव काढीत नाही. मी अशा वेळी एवढेच विचारतो, "ते वाचलेले हजार कोणत्या डब्यात ठेवले?"

उत्तर देणारा अजून भेटायचा आहे.