ग्रँड कॅनियनला गोठलेला नळ

२०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे फिनिक्सला गेलो होतो. जावईबापूंनी भाड्याने आर. व्ही. घेतली, म्हणजे चाकांवरचं घरच, आणि सर्वांना ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर नेलं. उंची सुमारे ७,००० फूट. लाल खडकांवर पांढरा बर्फ पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. रात्र मात्र उणे ९ अंशांची.

अश्दोदला राहणारी माणसं आम्ही! बाहेरच्या नळाची रबरी नळी गाडीला जोडलेली तशीच ठेवली आणि "गॅस उगाच कशाला जाळायचा" म्हणून फर्नेस कमी करून निजलो. सकाळी यांच्या बी.पी.च्या गोळीपुरतंही पाणी नाही! नळीत बर्फाची कांडी, सिंकखालचा पाइप तडकलेला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, प्लॅस्टिकला ते कसं सोसणार? जावईबापूंनी तुकडा बदलला, बाकीचे पाइप केस वाळवायच्या यंत्राने सावकाश मोकळे केले. तोवर स्वयंपाकाची शेगडी पेटवून ऊब करावी असं एका गृहस्थांचं म्हणणं पडलं. (नाव घेत नाही, संसार जुना आहे.) आम्ही साफ नाही म्हटलं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला की माणसाचं काय होतं ते वॉर्डात पाहिलेलं आहे.

दुसऱ्या रात्री गाडीतली टाकी भरून घेतली, नळी सोडून निथळून आत ठेवली, पंपाने टाकीतलंच पाणी वापरलं. फर्नेस रात्रभर चालू. विजेचा हीटर खोली ऊबवतो, पण त्याची ऊब खालच्या पाइपांपर्यंत जात नाही. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली. सांडपाण्याची झडप मात्र बंदच हवी, नाहीतर बारीक धार पाइपातच गोठत जाते. त्या टाकीत गुलाबी अँटिफ्रीझ ओतलं. डब्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉल वाचून जुनं ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं, काही इंजेक्शनांतही ते असतं. मोटारीच्या इंजिनात घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल. ते विष, त्याला हात लावू नये.

इथल्या पाण्याची कथाच नाजूक. दरीतल्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यापासून साडेबारा मैलांचा पाइप ते कड्याकडे आणतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो फुटला, तेव्हा कड्यावरच्या हॉटेलांत मुक्काम बंद करावा लागला.

रात्रपाळीची सवय. दोनला उठून राउंड घेतला, सिंकखाली हात घालून पाहिला. ऊबदार होतं. सकाळी नळाला धार आली. गॅस किती जळला हे यांनी विचारलं नाही, आधी चहा मागितला.