ओम्नीला नाक नाही

गेले चार वीकेंड आमची २००३ ची ओम्नी डेंटर-पेंटरकडे उघडी पडली आहे. सरकत्या दाराखालचा पत्रा सडला होता, तो कापून नवा जोडला. मग वायरिंग, काचांची रबरं, सीटकव्हरं... यातल्या कशावरही घरात कुणी चकार शब्द काढला नाही. वाजलं ते बंपरवरून.

पुढचा बंपर डावीकडून फाटलेला आणि तांब्याच्या तारेने शिवलेला (हो, शिवलेला. बाबांची कलाकुसर!). नवा घेणं भागच होतं. बाबांचा निकाल तयार होता, "प्लास्टिक-बिस्टिक नको. चांगला जाड लोखंडी गार्ड लाव. या गाडीला नाकच नाही रे."

नाकाचं मात्र त्यांचं अगदी खरं आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, चाकंही तिथेच. समोर बॉनेट नाही. बंपर, मग पत्रा, मग थेट गुडघे. त्यातले उजवीकडचे दोन बाबांचे, डावीकडचे आईचे.

पण म्हणूनच गार्ड नको, हे त्यांना कसं पटवायचं? मी आपला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गाडी ताशी ३० किलोमीटरने भिंतीवर गेली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसाला साधारण ७ जीचा झटका बसतो. तेच थांबणं १० सेंटीमीटरमध्ये झालं तर ३५ जी. म्हणजे चेपायला जागा हवी. ओम्नीत ती मुळातच नाही, त्यात चॅसीला बोल्ट मारून न वाकणारा पाइप लावला की होती नव्हती तीही गेली. बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "भिंतीवर कशाला घालू मी गाडी?"

असो. एअरबॅगच्या सेन्सरचा मुद्दा इथे चालत नाही, कारण आमच्या ओम्नीत एअरबॅगच नाही. मग कायदा काढला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. समोर पायी चालणारा माणूस आला तर सगळा मार त्या एका पाइपातून त्याच्या पायावर जातो, हेही सांगितलं. यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले. दंडापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं.

गार्ड बाद. तरी बंपर कुठला हा प्रश्न उरलाच. नाना पेठेत फिरलो. एकाने फायबरचा दाखवला. दिसायला झकास, रंग लगेच धरतो, पण पार्किंगमध्ये खांबाला टेकला की तडकणार, आणि तडकला की परत जागेवर येत नाही. मूळचा असतो पॉलिप्रॉपिलीनचा. दबतो, परत फुगतो. मागच्या बाजूला पीपी असा शिक्का बघायचा. शंका असेल तर कडेचा छोटा तुकडा पाण्यात टाका, साधं पीपी तरंगतं, फायबर तळाला जातं. (दुकानदारासमोर बादली मागितली नाही, एवढी लाज अजून शिल्लक आहे.) स्थानिक कॉपीही हातात घेतली. पातळ होती, आणि बोल्टची भोकं आमच्या जुन्या बंपरशी जुळेनात. शेवटी कंपनीचाच घेतला, काळा.

आता हा बंपर ३० च्या वेगाला वाचवेल का? अजिबात नाही. ताशी ५ किलोमीटरच्या धक्क्याला तो आहे. ३० ला ऊर्जा त्याच्या छत्तीसपट होते, तिथे बंपर कुठलाही असो, प्रश्न गाडीच्या सांगाड्याचा असतो. १९८४ पासून बनत आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली ती अपघात-सुरक्षेच्या नव्या नियमांत बसवता येत नव्हती म्हणूनच.

आणि खरं सांगायचं तर आमचं भांडण याच गोष्टीवर होतं. बाबांना गाडी नीट झाली की आईला घेऊन खंबाटकी घाटातून गावी जायचंय. गार्ड लावला की ती 'हायवेची गाडी' झाली असती. मी सरळच विचारलं, गावाला माझी गाडी न्या, ओम्नी इथेच पेठेत, भाजीला, नातेवाइकांकडे फिरवा, चालेल? बाबा म्हणाले, "मग एवढा खर्च कशाला केलास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने मात्र परस्पर जाहीर केलं की ती गावाला ओम्नीतून येणार नाही, पाय आखडतात.

सध्या वाद रंगावर आलाय. बाबांना बंपर गाडीसारखा पांढरा हवा. पीपीवर आधी वेगळा प्रायमर मारला नाही तर रंगाचे पापुद्रे निघतात, आणि आमचा पेंटर म्हणतो तसलं काही लागत नाही. शनिवारी प्रायमरचा डबा मीच घेऊन जाणार आहे.