सायकल आणि डोंगर : चाळिशीनंतरची जोडी

सायकल चालवणे हा आपल्या लोकांचा छंद कधीच नव्हता, ती गरज होती. कुंभवलीत ज्या घरातला माणूस तारापूर एमआयडीसीत कामाला, त्या घराच्या भिंतीला एक काळी, उंच सायकल टेकलेली असायची. हँडलला डबा, मागे कॅरिअरवर कधी तांदळाची गोणी तर कधी पोर. पुढे हप्त्यावर मोटारसायकली आल्या आणि सायकली पत्र्याखाली गंजत पडल्या. यात आम्ही कुणाला दोष देत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने पायडल का मारावे? पण मोटारसायकलीपाठोपाठ सुटलेले पोट आले, साखर आली, रक्तदाबाची गोळी आली, हेही आपण घरोघरी पाहतोच आहोत.

आम्ही चौघे-पाचजण चाळिशी-पन्नाशीतले, आणि कंपनीतून निवृत्त झालेले एक काका. गेली दोन वर्षे महिन्यातले दोन रविवार आम्ही सायकलीने पालघरमार्गे मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड गाठतो, तिथे सायकलींना कुलूप लावतो आणि काळदुर्ग चढतो. चढ चालत, जरा सपाटी आली की हलकेच धावत. पहिल्यांदा निघालो तेव्हा नाक्यावर हसू झाले. "काय भाऊ, पेट्रोल संपलं काय?" एका वहिनींनी तर विचारले, "आठवडाभर मरमर काम करता, ते काय कमी पडतं?"

वहिनींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. मशीनपुढे आठ तास उभे राहिले की पाय सुजतात, कंबर धरते, पण छातीचा दम काही वाढत नाही. आमच्यासारख्या कारकुनाचे तर त्याहून वाईट, दिवसभर खुर्ची. शिवाय कामाची गती मालक ठरवतो. डोंगरावर ती आपण ठरवतो, दमलो की दगडावर बसतो. एवढी मोकळीक कष्टकऱ्याने घेऊ नये, असे कुठे लिहिले आहे?

बारामतीजवळच्या लता करे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली ही बाई पतीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावली आणि पहिली आली. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. सर्वांनी कौतुक केले. आम्हाला मात्र वाटते, अशा बाईला औषधाच्या पैशासाठी नव्हे, नुसते बरे वाटते म्हणून धावता आले पाहिजे.

डोंगरावर धावण्याचा खेळ इंग्लंडच्या उत्तर भागात फार जुना आहे. त्याला 'फेल रनिंग' म्हणतात. फेल म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर, नापास नव्हे! या खेळातले सर्वांत नावाजलेले जॉस नेलर हे मेंढपाळ होते, आणि पाठीचे ऑपरेशन झालेले. २००६ साली, वयाच्या ७० व्या वर्षी, त्यांनी ७० डोंगरमाथे २१ तासांच्या आत पार केले. २०२४ मध्ये ते वारले. तिकडेच १९६१ पासून एक सायकल शर्यत होते, तिच्यात तीन डोंगर ओलांडताना गडी सायकल खांद्यावर घेऊन चढतात. म्हणजे ही जोडी काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही.

जोडी जमते ती अशी. सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो, म्हणून गुडघ्यांना हिसका बसत नाही. पण त्याच कारणाने हाडांना काम मिळत नाही, आणि भार पडल्याशिवाय हाड घट्ट राहत नाही. ते काम डोंगर करतो. मात्र डोंगराचा खरा त्रास चढताना नसतो, उतरताना असतो. चढताना दम लागतो इतकेच. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचे काम करतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. अशा वेळी अंथरुणात पडून राहण्यापेक्षा सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश सायकल मारावी, पाय मोकळे होतात. चाळिशीनंतर रोज धावू नये. मधले दिवस सायकलचे.

सायकलने गुडघे दुखतात अशी तक्रार अनेकजण करतात. त्यांची सीट बहुधा खाली असते. पायडल अगदी तळाला गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट वर घ्यावी. पाना घेऊन पाच मिनिटांचे काम आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गूळ-बिस्किटे ठेवावीत, आणि छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग डोंगर. पावसात कातळ निसरडा होतो, तेव्हा आम्ही जात नाही.

हवेचेही सांगितले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या क्रमवारीत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर देशात पहिले होते. कारखान्यांच्या रस्त्यावर जोरजोराने श्वास घेत धावण्यात शहाणपण नाही. म्हणून पहाटेच बाहेर पडून डोंगराची वाट धरायची.

काळदुर्गाच्या वाटेवर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या आदिवासी बाया आमच्या बाजूने झपझप उतरून जातात. आम्ही नवे बूट घालून काठी टेकीत असतो. एकदा काका त्यांना म्हणाले, "जरा हळू, बाई!" त्या हसत पुढे गेल्या.

हे घरी सांगितले तेव्हा त्याच वहिनी म्हणाल्या, "मग आम्हाला का नेत नाही?" त्यांचेही खरे. आपल्या घरातली सायकल नेहमी पुरुषाची, मधल्या दांडीची. चाळिशीतल्या कितीतरी बायांना ती कधी शिकताच आली नाही. आता दोन जुन्या लेडीज सायकली मिळाल्या आहेत, काकांनी त्यांच्या ट्यूब बदलून दिल्या. संध्याकाळी मैदानात शिकवणे सुरू आहे. तिघीजणी तोल सांभाळू लागल्या. वहिनी अजून पडतात, पण पायात दम आमच्यापेक्षा जास्त आहे, असे काकांचे मत.