अचानक येणाऱ्या बदलास

प्रति,
अचानक येणारा बदल,
मुक्काम कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशिम.

बाबा रे,

तुझ्यावर राग नाही, तुझ्या येण्याच्या रीतीवर आहे. रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्यापासून सुरू करावे’, आणि सकाळी तू दारात उभा. अंगणवाडीताईंना विचार.

2021 च्या मार्चमध्ये तू ‘पोषण ट्रॅकर’ ॲप होऊन आलास. मुलांची वजनं, उंची, हजेरी, आहार, सगळं फोनात भरायचं, तेही इंग्रजीतून. फोन 2019 साली मिळालेले, 2 जीबी रॅमचे. तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा भुर्दंड ताईंनाच. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यावरून ‘बायांना तंत्रज्ञान नको’ असा अर्थ काढणं सोपं होतं, पण मला तो पटत नाही. याच बायांनी त्याआधी ‘कॅस’ हे नोंदींचं ॲप चालवलं होतं, आणि ते मराठीत होतं.

मग जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. आमच्याकडे जुलै म्हणजे सोयाबीनचं डवरण-निंदण. आहाराचं पाकीट अंगणवाडीत आणि आई वावरात! यावरचा उपाय दिल्लीला सुचणार नाही. मदतनीस मात्र सांगेल की बाया मजुरीला निघायच्या आत, दिवस उगवताच गाठाव्या लागतात, आणि ओटीपी येतो तो फोन कोणत्या घरी नवरा सोबत घेऊन जातो.

तुझ्या आणि ताईच्या मधे पर्यवेक्षिका असते. तुला तिनं बोलावलेलं नसतं, पण अहवाल तिच्याकडूनच मागतात. म्हणून मासिक बैठकीत ती आधी आकडे विचारते. तिला माझं सांगणं: बाई, आधी सगळ्यांना फोन काढायला लावा आणि तुमचाही काढा. तुमच्याही फोनात काय अडतं ते सगळ्यांसमोर दिसू द्या. जिला ॲप जमलं ती शिकवेल, मग ती वयानं सगळ्यात लहान का असेना. जिला फोन जमत नाही, तिला कोणती सून माहेरी बाळंतपणाला गेली हे तोंडपाठ असतं. दोघींची जोडी लावा. कोणती वही आजपासून बंद, ते तुमच्या तोंडानं सांगा, नाहीतर वही आणि फोन दोन्ही भरण्यात पोरांना शिकवायचं राहून जातं. जे चालत नाही ते बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी कळवा. त्यात कोण्या एका ताईचं नाव नको, सगळ्या बीटची, म्हणजे तुमच्याकडच्या सगळ्या अंगणवाड्यांची अडचण म्हणून लिहा. नाव घातलं की पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडत नाही.

आणि तू, बाबा, पुढच्या खेपेला पेरणी-निंदणाचे दिवस टाळून ये. मराठीत ये. त्याआधी महिनाभर एखाद्या केंद्रावर, रेंज जाते तिथं, बसून बघ.

कळावे,
अंगणवाडीत नातू असलेला एक आजोबा