आम्हांस न रुचलेल्या व्हिस्क्या

आम्ही परवानाधारक आहोत, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. बडोद्यात राहून व्हिस्कीविषयी लिहायचे, म्हणजे लेखाआधी कागदपत्रे दाखवणे आले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा दारूबंदीचा कायदा आपल्या वाट्यास आला. पुढे १९६० साली राज्ये वेगळी झाली. महाराष्ट्राने तो कायदा पुष्कळ सैल केला; गुजरातने मात्र घट्ट धरून ठेवला. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती थोडी सवलत मिळाली, पण आपला दांडिया बाजार काही गिफ्ट सिटीत येत नाही. येथे प्रकृतीच्या कारणास्तव, डॉक्टरी तपासणी होऊन, चाळिशीनंतरच परवाना मिळतो. आणि वय वाढेल तसा मासिक कोटाही वाढतो. म्हातारपणी ज्या ज्या गोष्टी वाढतात, त्यांत आनंदाने सांगावी अशी ही एकच.

इतक्या सायासाने मिळणारी वस्तू गोड लागावी, हे न्यायाला धरून आहे. आमचे दुर्दैव असे की, आजवर ज्या व्हिस्क्यांकडून आम्ही मोठ्या अपेक्षा केल्या, त्यांतल्या बहुतेकींनी आमची निराशा केली. हा कोणत्याही कारखान्याचा दोष नव्हे. जीभ आमची, तेव्हा दोषही आमचाच. पण ही जीभ अशी का झाली, याचा विचार करू लागलो आणि तो बराच लांब गेला.

आमच्या घरात या विषयाचा आरंभच धाकाने झालेला. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, १९१९ च्या फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग याच बडोद्यात केला. आजोबांनी तो पाहिला होता. त्यानंतर हयातभर त्यांनी काचेच्या पेल्यातून पाणीसुद्धा प्यायले नाही. त्यांना तांब्या-भांडेच लागे. वडील अलेंबिकमध्ये नोकरीस होते. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी काढलेला हा कारखाना प्रारंभी टिंक्चरे आणि अल्कोहोल बनवीत असे, आणि 'अलेंबिक' या शब्दाचा अर्थच मुळी अर्क गाळण्याचे पात्र! दारूबंदीच्या शहरातील एका मोठ्या रस्त्याला गाळपाच्या भांड्याचे नाव असावे, याची गंमत वडिलांना फार वाटे. ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या कोटाला स्पिरिटचा आणि आयोडीनचा वास असे. स्वतः ते आयुष्यभर चहाच प्यायले.

आमचा पहिला पेला दमणचा, १९७८ सालचा. कॉलेजातील आम्ही चौघे मित्र देवक्याच्या किनाऱ्यावर बसलो होतो. व्हिस्की देशी होती, ग्लास धर्मशाळेतल्यासारखे होते, सोबत खारे शेंगदाणे होते. ती चव आम्ही सदतीस वर्षे जपली. कोणी उंची मद्याची वाखाणणी करू लागला की, "दमणला घेतली तिची सर नाही," असे म्हणून आम्ही त्याला गप्प करीत असू. २०१५ साली आम्ही चौघे हट्टाने पुन्हा तेथे गेलो, तीच व्हिस्की मागवली, आणि पहिल्या घोटालाच चौघांनीही एकमेकांची तोंडे पाहिली. एक म्हणाला, कंपनीने माल बदलला. दुसरा म्हणाला, आपण बदललो. खरी गोष्ट आम्हांला पुढे कळली. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्यांचा मूळ अर्क धान्याचा नसून उसाच्या मळीचा असतो, आणि युरोपातील नियमांनुसार त्याला व्हिस्की म्हणताच येत नाही. नात्याने ती रमची चुलत बहीण. म्हणजे सदतीस वर्षे आम्ही जिची आठवण काढीत होतो, ती ती नव्हतीच. पण शेंगदाणे मात्र खरोखर पूर्वीसारखेच होते.

दुसरी निराशा सुसंस्कृत होती. आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झाले आणि त्यांचा चिरंजीव लंडनला. दिवाळीनंतर आम्ही पुण्यास जात असू, आणि पुतण्या त्याच सुमारास येत असे. पहिल्या वर्षी त्याने विमानतळावरून एक अतिशय महाग मिश्र स्कॉच आणली. डबीला आतून रेशमी अस्तर होते. असे अस्तर आम्ही तोवर फक्त सराफाकडे पाहिले होते. दादांनी मोजून तीन पेले भरले. आम्ही घोट घेतला. ती इतकी मऊ होती की घशाखाली गेल्याचे कळलेच नाही. मीठ विसरलेले वरण जसे निरुपद्रवी लागते, तशी ती लागली. परंतु पुतण्या तोंडाकडे पाहत होता, दादा पुतण्याकडे पाहत होते, आणि आमच्या मुखातून शब्द गेला, "वा!"

त्या एका 'वा'ची किंमत आम्ही सात वर्षे फेडली. दरवर्षी तीच बाटली, तेच अस्तर, तेच तीन पेले. "काकांना आवडते म्हणून मुद्दाम आणली," हे वाक्यही तेच.

तिसरी त्याच घरात भेटली. एका वर्षी पुतण्याने जोडीला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एका बेटाची व्हिस्की आणली. तेथे जवाला मोड आणून, पुढे ते मोड पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेली वनस्पतींची माती. ती कापून, सुकवून जाळतात. त्या बेटाच्या नावाचा उच्चार 'आयला' असा आहे. पहिला घोट घेताच आमच्या तोंडून बेटाचे नाव निघाले. धूर, खारट वारा आणि इस्पितळ, असे सारे एकाच पेल्यात! दादांचे व्याही कोल्हापूरचे. ते हजर होते. त्यांनी दोन घोटांत पेला संपवला आणि म्हणाले, "तुम्हां बडोदेकरांना नाही झेपायची. तुमची भाजीसुद्धा गोड असते." अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा व्हिस्की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळे, असे पुतण्याने सांगितले. औषधासाठी परवाना, आणि परवान्यावर मिळणाऱ्या वस्तूला औषधाचाच वास, ही संगती आम्हांला त्या चवीपेक्षा अधिक रुचली. पेला आम्ही खाली ठेवला. मात्र कोणाचे लक्ष नसताना तो पुन्हा नाकाशी नेला. तो वास वडिलांच्या कोटाचा होता.

व्याह्यांचे बोलणे मनाला लागले, हे कबूल केले पाहिजे. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत साताऱ्याकडून येथे नोकरीस आले. ते मिरचीचा ठेचा खाणारे होते, असे घरात सांगतात. चार पिढ्यांत ठेच्याच्या जागी छुंदा आला. पुण्यास गेलो की आम्ही गुजराती ठरतो, आणि बडोद्यात शेजारी आम्हांला अजून 'मराठी लोक' म्हणतात. पुतण्याने त्या रात्री सांगितलेली एक गोष्ट आम्हांला या बाबतीत उपयोगी पडली. भट्टीतून निघालेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी त्याला निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावे लागते. रंग येतो तो पिंपाचा. चवीचाही मोठा भाग पिंपाचा. धान्य कुठलेही असो, मुरते ते जेथे ठेवले तेथले होऊन. आणि मुरत असता दरवर्षी थोडे उडूनही जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के. बंगळूरसारख्या ठिकाणी दहा टक्क्यांहून अधिक. उष्ण हवेत अर्क लवकर पिकतो, पण त्याचबरोबर पुष्कळ गमावतो.

हे ऐकताना आम्हांला आमची नातवंडे आठवली. त्यांना मराठी समजते. उत्तर मात्र ती गुजरातीत किंवा इंग्रजीत देतात. आमच्या वडिलांना मोडी येत होती. आम्हांला येत नाही. तेव्हा देवदूतांनी आमच्या घरातून किती नेले, याचा हिशेब आम्ही त्या रात्री केला आणि मग केला नाही असे ठरवले.

दादा २०२२ साली गेले. शेवटच्या आजारात आम्ही जवळ होतो. एके दुपारी कपाटातील ती अर्धी उरलेली बाटली दाखवून ते म्हणाले, "ती तू घेऊन जा. मला काही ती कधी आवडली नाही. तुला आवडते म्हणून घेत होतो." आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखी ती वेळ नव्हती, आणि परवाना राज्याबाहेरून बाटली नेण्यास पुरतो की नाही, हा प्रश्न निराळाच. पण एवढे कळले, की दोन सख्खे भाऊ सात वर्षे एकमेकांसाठी एक अळणी पदार्थ घेत होते, आणि दोघेही सुशिक्षित होते.

पुढच्या दिवाळीनंतर पुतण्या आला. तीच डबी, तेच अस्तर. पेले या वेळी दोनच. आम्ही पेला हातात घेतला, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने आता तरी खरे बोलावे, असे वाटून सांगून टाकले, की ही आम्हांला पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही. तुझ्या बाबांनाही आवडत नव्हती. तो क्षणभर रागावला असावा. मग म्हणाला, "काका, मला पण नाही आवडत. मला वाटायचं, तुम्हां दोघांचं ते एक ठरलेलं आहे." आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग तुम्हांला आवडते तरी कुठली?"

वाचकहो, या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कोणती आवडत नाही, याची यादी आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवली असती. आवडते कोणती, हे मात्र कधी कोणी विचारले नव्हते, आणि आम्हीही स्वतःला विचारले नव्हते. दमणची आवडली ती वयामुळे, स्कॉच वाखाणली ती घरातल्या माणसांमुळे.

गेल्या खेपेस त्याने लंडनहून काही आणले नाही. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीची सिंगल माल्ट त्याने पुण्यातच घेतली. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी काढलेला हा कारखाना. आडनाव वाचून आम्ही हसलो. कोणीतरी आपल्यासारखेच दूर जाऊन मुरलेले! २००४ साली या लोकांनी आपली सिंगल माल्ट प्रथम विकायला काढली ती थेट ग्लासगो शहरात, स्कॉचवाल्यांच्या अंगणात. एवढे ऐकल्यावर ती आवडलीच पाहिजे, असा मनाचा कल झाला. पण 'वा'चा अनुभव ताजा होता. आम्ही अभिमान बाजूला ठेवून घोट घेतला. चव कडक लागली. थोडे पाणी घातले. दुसरा घोट सावकाश घेतला. गूळ पाकाला येताना करपण्याच्या अलीकडे जो वास सुटतो, तसा काहीसा वास आला.

पुतण्या तोंडाकडे पाहत होता.

"बरी आहे," आम्ही म्हणालो.

त्याने तिसरा पेला काढून दादांच्या फोटोपुढे ठेवला, आणि आमच्या पेल्यात आणखी थोडी ओतली.