मुकुटांचे ठसे

भाईंदरमध्ये जुन्या रिव्हॉल्व्हरची आवड असलेल्या माणसाला समानधर्मी भेटतात ते निवडणुकीच्या तोंडावर, पोलीस ठाण्यात. आचारसंहिता लागली की परवान्याचं शस्त्र जमा करायची नोटीस येते. २०१९मध्ये लोकसभेच्या वेळी आली, विधानसभेच्या वेळीही आली. पिशव्या मांडीवर घेऊन आम्ही बाकावर बसलो की बोलणं आपोआप निघतं, "तुमचं कुठलं? इंग्लिश की बेल्जियम?"

आमच्याकडे दोन्ही होती. आजोबा मिठागर चालवणारे शिलोत्री. मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन लोकलने यायचं म्हणून त्यांनी परवाना काढला आणि वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे एक बेल्जियन रिव्हॉल्व्हर आणि एक दुनळी बंदूक घरात आली. वडिलांनंतर तिन्ही शस्त्रं रीतसर माझ्या परवान्यावर चढली.

मला वेड लागलं ते त्यांच्या अंगावरच्या ठशांचं. युरोपात नवीन शस्त्र विकण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासतात. टिकली तर सरकारमान्य ठसा उमटतो. आमच्या वेब्लीवर बर्मिंगहॅमचा मुकुटाचा ठसा आहे. तिथलं चाचणीघर १८१३ सालचं. बेल्जियमच्या लिएज शहरात ही तपासणी १६७२पासून चालत आली. तिथल्या ठशात लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरं असतात आणि १८९३पासून त्यांच्यावर मुकुट आला. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रावर तो मुकुट होता, म्हणजे ते १८९३नंतरचं. कारखान्याचं नाव नसलेल्या शस्त्राचं वय असं एका मुकुटाने सांगितलं, तेव्हा झालेला आनंद आजही ताजा आहे.

मग पुस्तकांतून राजचिन्हांचा माग काढत गेलो. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनने १८७०च्या दशकात रशियाच्या झारसाठी रिव्हॉल्व्हर बनवली, त्यांच्या नळीवर दोन डोक्यांचा गरुड. त्याच कंपनीने १९३७मध्ये ब्राझीलच्या सैन्याला दिलेल्या रिव्हॉल्व्हरच्या कुशीवर ब्राझीलचं राष्ट्रचिन्ह. परदेशातले संग्राहक अशी शस्त्रं कपाटभर जमवतात. आपल्याकडे ते शक्य नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. चालतं रिव्हॉल्व्हर कितीही देखणं असलं तरी त्याने माणूस मरतो.

डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली, वारशाने आलेली शस्त्रंही त्यात धरली गेली. तिसरं सोडायला एक वर्षाची मुदत होती. पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला. आमचं बेल्जियन तर चांगलं चालत होतं. आजोबांचं वेब्ली सोडवेना, वडिलांची दुनळीही सोडवेना. ज्याच्यामुळे मला हा छंद लागला तेच सोडायचं ठरवलं.

अधिकृत विक्रेत्याकडे देण्याआधी चक्र रिकामं असल्याची खात्री केली, खिडकीतल्या तिरप्या उजेडात प्रत्येक ठशाचा फोटो काढला आणि एका वहीत क्रमांक, ठसे, कोणी कधी घेतलं, परवान्यावर कधी चढलं, सगळं लिहिलं. देताना हात जड झाले. पण घरी येऊन वही उघडली आणि जाणवलं की त्या रिव्हॉल्व्हरबद्दल मला जे मोलाचं वाटत होतं, ते मी राखलं आहे.

तेव्हापासून माझा संग्रह कागदाचा आहे. बाकावरच्या ओळखीतून लोक घरी बोलावतात. परवानाधारक स्वतः शस्त्र रिकामं करून समोर ठेवतो, मी हात न लावता फोटो घेतो. काही ठिकाणी फार वाईट वाटतं. शस्त्र चकचकीत दिसावं म्हणून कोणीतरी घासून निकेल चढवलेलं असतं आणि पॉलिशच्या चाकावर मुकुट, अक्षरं, क्रमांकाची कड झिजून गेलेली असते. अशा शस्त्राचं गाव आणि वय परत सांगता येत नाही.

खुणा न घासता राखल्याचं उदाहरण आमच्या जवळच आहे. आमच्या खाडीपलीकडची वसई मे १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हा सन अजून वाचता येतो, नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१. देवळात टांगताना कोणी त्यांच्यावरची परकी अक्षरं खरवडली नाहीत, म्हणून त्या घंटांची हकीकत आज आपल्याला कळते.

ज्यांच्या घरी असं जुनं परवान्याचं शस्त्र आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ते घासू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याची नोंद आजच करा. कायदा बदलेल, वारस परवाना घेणार नाहीत, शस्त्र एक दिवस घराबाहेर जाईल आणि ते जाणंच बरं. नोंद मात्र घरात ठेवायला कोणाचाही परवाना लागत नाही.