फसवे धनुष्य



स्तोत्र ७८ च्या ५७ व्या वचनात इस्राएल लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. होशेय संदेष्टाही सातव्या अध्यायात तेच म्हणतो. हे वचन आम्ही अनेकदा वाचले होते, पण धनुष्य फसवे कसे असते, ते यंदाच्या उन्हाळ्यात हाताने पाहिले.

पांढुर्णा आणि सौंसरच्या आमच्या मुलामुलींना तिरंदाजी शिकायची होती. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हापासून हे वेड. ओजसचे धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकांचे. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला ते रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले. एका जुन्या खेळाडूने आम्हाला दोन रिकर्व्ह धनुष्ये दिली. मधली मूठ लाकडी, तिला वर-खाली स्क्रूने बसणारी दोन पाती. पात्याच्या पोटात लाकूड आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर.

दोरी चढवण्याआधी आम्ही कापसाचा बोळा प्रत्येक पात्याच्या कडेवरून हळूच फिरवला. डोळ्याला न दिसणारी कुसळे कापसाला सापडतात. पहिल्या धनुष्याच्या खालच्या पात्याला कडेशी अर्ध्या इंचाचे कुसळ उठले होते, पात्याच्या लांबीच्या दिशेने. अशी इजा दुरुस्त होते. कुसळ ओढून काढायचे नाही, नाहीतर ते आणखी लांब सोलत जाते. पातळ फेव्हिक्विकचा एकच थेंब फटीत मुरू दिला, वर मेणकागद ठेवून चिकटपट्टीने दाबले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लांबीच्या दिशेने फिरवला. कोरडे घासले तर काचेची धूळ उडते आणि ती छातीत जाते, म्हणून तोंडाला रुमालही बांधला.

दुसऱ्या धनुष्याची गोष्ट वेगळी निघाली. त्यावर नवाकोरा काळा रंग होता आणि मुलांना तेच जास्त आवडले होते. कापूस कुठेही अडकला नाही. पण पाते उन्हात तिरपे धरल्यावर रंगाखाली केसाएवढी आडवी रेघ दिसली आणि तिच्याजवळ थर किंचित सुटलेला. उभी इजा धाग्यांच्या बाजूने जाते, आडवी चीर धागेच कापते. धनुष्य ओढल्यावर सगळा ताण त्याच धाग्यांवर येतो. असे पाते गोंदाने जुळल्यासारखे वाटते आणि पूर्ण ओढ घेताना तोंडासमोर तुटते.

सौंसरचा एक मुलगा त्याच धनुष्याची वाट पाहत होता. आईवडील संत्र्याच्या बागेत तोडणीला जातात, नवी पाती घेणे त्यांच्या आवाक्यात नाही. तो म्हणाला, "काका, वरतून तं काहीच दिसत नाही. एकदा ओढून पाहू द्या ना." आम्ही नाही म्हटले. तो तिथेच रडला, आणि आमच्यापैकी कोणाला त्या रात्री नीट जेवण गेले नाही. तरीही दोरी काढून ते धनुष्य बाजूला ठेवले.

स्तोत्रातले वचन आम्हाला तेव्हा उलगडले. कुसळ उठलेले धनुष्य फसवे नव्हते, त्याने आपली जखम दाखवली होती. रंग दिलेले फसवे होते.

मंडळीतही असेच असते. मोठ्याने भांडणारी दोन घरे समेटाला बसू शकतात. पण वाटणीवरून वर्षानुवर्षे बोलणे बंद, आणि रविवारी मात्र एकाच बाकावर हसून सलाम, ही रंगाखालची चीर आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की अर्पण वेदीजवळच ठेवा आणि आधी भावाशी समेट करा. पुढच्या प्रभुभोजनाआधी आपण स्वतःवर एकदा कापसाचा बोळा फिरवू या, आणि मग उजेडातही उभे राहू या.

दुरुस्त झालेल्या पात्यावर आम्ही लगेच भरवसा टाकला नाही. दोरी चढवून काही वेळ तसेच ठेवले. मग थोडी ओढ, मग अर्धी, मग पूर्ण. दरवेळी कड तपासली. ओढलेली दोरी बाण न लावता कधी सोडायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले. क्षमा झालेल्या माणसालाही मंडळीने असाच वेळ द्यावा. पहिल्याच दिवशी सगळे ओझे टाकू नये आणि कायमचे कोपऱ्यातही ठेवू नये.

आता सराव संपला की दोरी उतरवतो. पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनने प्रेषित योहानाविषयी एक आख्यायिका लिहिली आहे. योहान पाखराशी खेळताना पाहून एका शिकाऱ्याला नवल वाटले. योहानाने त्याला त्याच्याच धनुष्याची आठवण दिली: सदा ताणलेले राहिले तर त्याचा जोर जातो. बागेत सातही दिवस राबणाऱ्या आपल्या भावंडांसाठी शब्बाथाचा अर्थ याहून सोपा कसा सांगावा?

सौंसरचा तो मुलगा आणि पांढुर्ण्याची एक मुलगी आता त्या एकाच धनुष्यावर आळीपाळीने सराव करतात. दुसऱ्या पात्यांसाठी मंडळीत डबा ठेवला आहे.

हे प्रभू, आमच्या चिरा तुझ्या उजेडात आण. जे जुळण्यासारखे आहे ते जुळव आणि जे टाकायचे ते टाकण्याचे धैर्य दे. आमेन.